घासणीतले जिवाणू: धुणे, उकळणे आणि मुख्य म्हणजे वाळवणे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बहुतेक स्वयंपाकघरांत आता भांडी पिवळ्या स्पंजाच्या आणि त्याला चिकटवलेल्या हिरव्या खरखरीत थराच्या घासणीने घासली जातात. काथ्या, नारळाची शेंडी आणि चुलीतली राख ही जुनी साधने मागे पडली, आणि त्यांच्याबरोबर एक आपोआप घडणारी गोष्टही मागे पडली. परसातल्या मोरीच्या दगडावर टाकलेला काथ्या उन्हावाऱ्याने थोड्याच वेळात कोरडा होत असे. स्पंज मात्र सिंकच्या कडेला, बहुधा साबणाच्याच वाटीत, दिवसरात्र ओला राहतो. घासणीतील जिवाणूंचा सगळा प्रश्न या ओलाव्यातून निर्माण होतो. पुढे निर्जंतुक करण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यांपैकी कोणत्याही रीतीचा उपयोग किती काळ टिकेल हे ती घासणी नंतर वाळते की नाही यावरच ठरते.

जर्मनीतील फुर्टवांगन विद्यापीठातील मार्कुस एगर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये घराघरांत वापरलेले १४ स्पंज तपासून आपले निष्कर्ष ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. स्पंजाच्या काही भागांत एका घन सेंटिमीटरमध्ये ५४ अब्जांपर्यंत जिवाणू आढळले. अ‍ॅसिनेटोबॅक्टर, मोराक्झेला आणि क्रिसिओबॅक्टेरियम या गटांचे जिवाणू त्यांत प्रामुख्याने होते. यांपैकी मोराक्झेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू नीट न वाळलेल्या कपड्यांना येणाऱ्या कुबट वासासाठी ओळखला जातो, आणि जुन्या घासणीला येणाऱ्या वासामागेही त्याचा हात असावा असे संशोधकांचे मत आहे. निरोगी माणसाला हे जिवाणू सहसा काही करत नाहीत. त्यामुळे आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही. मात्र घरात तान्हे मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा कर्करोगाचे उपचार घेणारी व्यक्ती असेल तर हाच विषय अधिक गांभीर्याने घ्यावा. खरा धोका वेगळा आहे, आणि तो कच्च्या मांसातून किंवा अंड्यातून आलेला साल्मोनेला अथवा कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जिवाणू घासणीत शिरून तेथून ताटात, पेल्यात आणि ओट्यावर पोहोचण्याचा आहे.

स्पंजात जिवाणूंना जे मिळते ते त्यांना स्वयंपाकघरात अन्यत्र क्वचितच मिळते. छिद्राछिद्रांत पाणी धरलेले असते, भाताची पेज, डाळीचा अंश, दुधाची साय आणि तेलाचा ओशटपणा यांचा पुरवठा दोन्ही वेळेला होत असतो, आणि आपल्याकडील तापमान बाराही महिने त्यांना मानवणारे असते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायसारखा जिवाणू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने रात्री दहाला उरलेल्या एका जिवाणूचे सकाळी सहापर्यंत १ कोटी ६७ लाख होऊ शकतात. प्रत्यक्षात अन्न आणि जागा संपत गेल्याने ही वाढ मंदावते, तरीही रात्रीचे हे आठ तास घासणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत हे या हिशेबावरून ध्यानात यावे.

रोजची रीत

भांडी घासण्यापूर्वी खरकटे हाताने किंवा चमच्याने काढून टाकावे, म्हणजे ते घासणीच्या छिद्रांत अडकत नाही. दुधाचे पातेले प्रथम थंड पाण्याने विसळावे, कारण गरम पाण्याने दुधातील प्रथिने घट्ट होऊन भांड्याला आणि घासणीलाही चिकटून बसतात. दूधदुभत्याच्या या पट्ट्यात, जेथे घरोघरी रोज दूध तापवले जाते, तेथे एवढ्या एका सवयीने घासणीवरचा बुळबुळीत थर बराच कमी होतो. भांडी संपल्यावर घासणी वाहत्या पाण्याखाली धरून पिवळ्या बाजूने तीन-चार वेळा दाबावी आणि सोडावी, फेस आणि गढूळपणा जाईपर्यंत हे करत राहावे, आणि मग शक्य तितकी पिळून काढावी. पिळताना पीळ देण्यापेक्षा तळहातांमध्ये दाबलेले बरे, कारण पीळ दिल्याने हिरवा थर सुटू लागतो आणि त्या फटीत खरकटे साचते.

पिळलेली घासणी कधीही आडवी ठेवू नये. ती उभी राहील किंवा टांगता येईल अशी सोय करावी. एका कोपऱ्याला सुई-दोऱ्याने जाड दोऱ्याचा फास शिवला तरी काम भागते, आणि खिडकीच्या गजाला किंवा भांड्यांच्या जाळीला ती सर्व बाजूंनी मोकळी लटकते. सिंकच्या खालचे बंद कपाट ही घासणीची जागा नव्हे.

साबणाच्या वाटीविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या भागातील घराघरांत सर्वांत मोठी चूक तेथेच होते. भांड्यांच्या साबणाची वडी वाटीत, वडीभोवती पांढरट पाणी आणि त्या पाण्यातच घासणी, अशी मांडणी जवळपास सर्वत्र दिसते. साबणात असलेली वस्तू आपोआप स्वच्छ राहत असेल, असा समज त्यामागे असतो. साबण मळ सोडवतो आणि पाण्याबरोबर वाहून नेतो. जिवाणू मारणे हे त्याचे मुख्य काम नव्हे, आणि पातळ झालेल्या साबणाच्या पाण्यात कित्येक जिवाणू सुखाने जगतात. वडी तळाला भोके असलेल्या वाटीत ठेवावी, म्हणजे पाणी निथळून जाईल, आणि घासणी तिच्यापासून लांब असावी. द्रव साबणात पाणी मिसळून बाटली भरून ठेवण्याची पद्धत असेल तर एका दिवसापुरतेच मिश्रण करावे.

घरात दोन घासण्या ठेवून त्या एक दिवसाआड वापरणे ही माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक व्यवस्था आहे, कारण त्यामुळे प्रत्येक घासणीला वाळायला पूर्ण दिवस मिळतो. मोठी घासणी कात्रीने मधोमध कापून तिच्याच दोन केल्या तर खर्च वाढत नाही, शिवाय लहान तुकडा लवकर वाळतो. भांडी घासायला मावशी येत असतील तर त्यांच्यापुढे दोन्ही घासण्या ठेवून ही रीत एकदा समजावून सांगावी, आणि प्रत्येक घराची घासणी त्या घरातच राहील हे पाहावे.

उकळणे

आठवड्यातून दोनदा घासणी उकळावी. याच कामासाठी एक जुने पातेले बाजूला काढून त्यात घासणी पूर्ण बुडेल एवढे पाणी घ्यावे, आधी घासणी स्वच्छ धुऊन मगच पाण्यात सोडावी, आणि पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर घड्याळ लावून पाच मिनिटे उकळत ठेवावी. स्पंज वर तरंगतो आणि त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहतो, म्हणून त्यावर एखादी स्टीलची वाटी पालथी घालावी. पाणी ओतून दिल्यावर चिमट्याने घासणी काढून निवू द्यावी. स्पंजाच्या पोटात उकळते पाणी बराच वेळ राहते आणि लगेच पिळायला गेल्यास हात पोळतो. महाबळेश्वर किंवा पाचगणीच्या उंचीवर पाणी १०० अंशांऐवजी साधारण ९५ अंशांना उकळते, पण या कामाला त्याने काही बिघडत नाही. सौर बंबाचे पाणी मात्र पुरत नाही. ते टाकीत तापलेले असले तरी उकळते नसते आणि घासणीत शिरेपर्यंत आणखी निवते. तेवढ्या पाण्याने ओशटपणा सुटतो, जिवाणू मरतीलच असे नाही.

उकळण्याने सर्व काही मरते असेही मानू नये. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सीरियससारख्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतूनही वाचतात, आणि घासणी पुन्हा ओलीच राहिली तर ते अंकुरतात. म्हणून उकळलेली घासणी त्याच दिवशी वाळवणे हा उकळण्याच्याच कामाचा भाग धरावा. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते हे खरे असले, तरी त्यासाठी जेवणाचा कुकर वापरण्याची गरज नाही, आणि तेवढ्या उष्णतेने दोन थर जोडणारा गोंद सुटतो तो वेगळाच.

मायक्रोवेव्ह असल्यास काम सोपे होते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी २००७ मध्ये मुद्दाम दूषित केलेल्या स्पंजांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. एक मिनिट मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेल्या स्पंजातील ९९.९९९९९ टक्के जिवाणू मेले, आणि गरम वाळवणीसह डिशवॉशरमध्ये धुतलेल्या स्पंजातील ९९.९९९८ टक्के. लिंबाचा रस, ब्लीचचे १० टक्क्यांचे द्रावण किंवा नुसते शुद्ध पाणी यांत तीन मिनिटे भिजवलेल्या स्पंजांत हे प्रमाण केवळ ३७ ते ८७ टक्के होते. घरी हा उपाय करताना घासणी धुऊन पूर्ण ओली, पाणी गळेल इतपत ओली ठेवावी, काचेच्या ताटलीत ठेवून पूर्ण शक्तीवर एक ते दोन मिनिटे तापवावी, आणि तेवढा वेळ तेथून हलू नये. कोरडी घासणी मायक्रोवेव्हमध्ये पेट घेऊ शकते. तारेची घासणी किंवा धातूचा धागा असलेली घासणी तर त्यात कधीच ठेवू नये.

एवढे असूनही एगर्ट यांच्या तपासणीत एक विचित्र वाटणारी बाब दिसली होती. आपण स्पंज नियमितपणे निर्जंतुक करतो असे ज्या घरांनी सांगितले, त्यांच्या स्पंजांतील जिवाणू इतरांपेक्षा कमी नव्हते, उलट वास आणणाऱ्या मोराक्झेलाचे प्रमाण अधिक होते. प्रयोगशाळेत एकदा तापवलेला स्पंज आणि घरात महिनाभर वापरात असलेला स्पंज यांत हाच फरक आहे. जे काटक जिवाणू वाचतात त्यांना रिकामी झालेली जागा आणि ओलावा दोन्ही आयतेच मिळतात, आणि बघता बघता ते पुन्हा सर्वत्र पसरतात. जुनी घासणी उकळून उकळून वापरत राहणे ही काटकसर नव्हे.

ब्लीच आणि इतर उपाय

ब्लीचचा उपाय मी शेवटचा मानतो, तरी घरात जुलाब-उलट्यांचा आजारी असताना त्याची गरज पडते. बाजारातील द्रव ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट साधारण ४ ते ५ टक्के असते. अशा ब्लीचचे चार छोटे चमचे, म्हणजे सुमारे २० मिलिलिटर, एक लिटर थंड पाण्यात मिसळले की कामापुरते द्रावण तयार होते. घासणी आधी साबणाने धुऊन, खरकट्याचा अंशही न ठेवता, त्यात बुडवून दाबावी म्हणजे द्रावण आतपर्यंत जाईल, पाच मिनिटे ठेवावी, आणि भरपूर पाण्याने धुवावी. अन्नाचा अंश राहिला तर क्लोरीन त्याच्यावरच खर्च होते आणि जिवाणूंपर्यंत पोहोचत नाही. द्रावण दरवेळी ताजे करावे, खिडकी उघडी ठेवावी आणि हातांत रबरी मोजे घालावेत. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि लहानशा बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यासाठी जी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरते ती काही जण घासणीवर टाकतात, ते टाळावे. ताज्या पावडरीत ३० टक्क्यांच्या वर क्लोरीन असते, साठवणीत ते घटत जाते, आणि चमचाभर पावडरीत नेमके किती उरले आहे हे घरी कळण्याचा मार्ग नाही. शिवाय तिचे न विरघळलेले खडे छिद्रांत अडकून पुढे भांड्यांत उतरतात.

लिंबू आणि व्हिनेगर वासापुरते बरे. खाण्याच्या सोड्याने ओशटपणा जातो, जिवाणू जात नाहीत. फ्रीजरमध्ये ठेवल्याने जिवाणू थांबतात आणि बाहेर काढल्यावर पुन्हा कामाला लागतात. हळदीच्या बाबतीत सांगलीकरांचा अभिमान योग्यच आहे, परंतु हळदीच्या पाण्यात भिजवलेली घासणी अधिक पिवळी होते, याहून वेगळे काही घडत नाही.

सामिष स्वयंपाकाच्या दिवशी

कच्चे चिकन, मटण, मासे किंवा फुटलेले अंडे यांचा रस जेथे लागला असेल तेथे नेहमीची घासणी लावूच नये. ते पातेले, विळी, सुरी आणि पाट आधी साबण लावून वापरून टाकण्याच्या कागदाने किंवा लगेच उकळायच्या सुती फडक्याने पुसून घ्यावेत, उकळते पाणी ओतावे, आणि मगच नेहमीप्रमाणे घासावेत. चिकन धुवायचेच असेल तर ते जोराच्या नळाखाली न धरता खोल पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावे, कारण नळाखाली उडणारे शिंतोडे शेजारी लटकलेल्या घासणीवर आणि धुऊन ठेवलेल्या भांड्यांवर जातात. घासणीला कच्चा रस लागलाच, तर आठवड्याच्या पाळीची वाट न पाहता ती त्याच वेळी उकळावी, किंवा जुनी असल्यास टाकून द्यावी.

या दृष्टीने वर्षातील सर्वांत अवघड महिना आखाडाचा. श्रावण लागण्याआधी घरोघरी मटण-चिकनचे बेत होतात आणि नेमकी त्याच वेळी पावसाची झड लागलेली असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जावळी आणि पाटणच्या डोंगराळ भागातही या दिवसांत हवा इतकी सर्द असते की टांगलेली घासणी दोन दिवसांत वाळत नाही. तेथे दोनऐवजी तीन घासण्या फिरवाव्यात, पंख्याखाली किंवा चूल असेल तर भानवशीच्या बाजूला, जाळ लागणार नाही इतक्या अंतरावर टांगाव्यात, आणि दर आठवड्याला नवी घासणी काढावी. माण, खटाव, जत किंवा आटपाडीकडे उन्हाळ्यात हीच घासणी दुपारपर्यंत कडक होते. मात्र त्या बाजूला अडचण पाण्याची असते. टँकरच्या दिवसांत एकाच घमेल्यातील पाण्यात सगळी भांडी विसळली जातात आणि घासणीही त्यातच बुचकळली जाते. पाणी वाढवता येत नसेल तर ते निदान दोन घमेल्यांत विभागावे. घासणी फक्त पहिल्या, साबणाच्या घमेल्यात जावी, आणि दुसऱ्यात केवळ भांडी. शेवटी तांब्याभर स्वच्छ पाणी घासणीवर ओतून ती पिळावी आणि उन्हात टाकावी. ऊन स्पंजाच्या आतपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे त्याचा मुख्य उपयोग वाळवण्याचाच असतो, आणि तो पुरेसा मोठा आहे.

घासणी बदलणे आणि निवडणे

एगर्ट यांनी दर आठवड्याला स्पंज बदलण्याचा सल्ला दिला आहे. शाकाहारी स्वयंपाक, दोन घासण्यांची पाळी आणि कोरडी हवा असेल तर दोन आठवडे चालवायला माझी हरकत नाही. वास येऊ लागला, स्पंज बुळबुळीत लागला किंवा थर सुटू लागले की दिवस न मोजता ती काढावी. वास आलेली घासणी उकळून पुन्हा भांड्यांना लावू नये. ती गाडी धुवायला किंवा मोरी घासायला ठेवायची असेल तर तिचा एक कोपरा कापून टाकावा, म्हणजे घाईत कोणी ती परत ओट्यावर आणणार नाही.

स्पंजच हवा असा काही नियम नाही. नॉर्वेतील संशोधकांनी २०२१ मध्ये स्पंज आणि भांडी घासायचे ब्रश यांची तुलना केली, तेव्हा वापरानंतर वाळणाऱ्या ब्रशमध्ये साल्मोनेला झपाट्याने घटला, ओल्या स्पंजात मात्र तो टिकून राहिला. कढई, कुकर आणि बाटल्यांसाठी लांब दांड्याचा ब्रश उत्तम. तारेची घासणी लवकर वाळते, पण तिचे तुकडे तुटून अन्नात जाण्याची भीती असते, म्हणून झिजू लागताच टाकावी. परसात घोसाळ्याचा वेल असेल तर जून झालेले फळ वेलावरच सुकू द्यावे, साल आणि बिया काढून जाळी धुऊन घ्यावी. तिची छिद्रे मोठी असल्याने पाणी धरून राहत नाही. नैसर्गिक असल्यामुळे तिच्यात जिवाणू होत नाहीत, हा समज मात्र चुकीचा आहे. तीही उकळावी आणि वाळवावी लागते.

ओट्याचे फडके हे घासणीचेच भावंड. ते सुती आणि पातळ असावे, रोज रात्री धुऊन पसरून वाळत घालावे, आणि आठवड्यातून दोनदा धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळावे. ओटा, जेवणाची जागा आणि फरशी यांना एकच फडके फिरवू नये.

कृष्णाकाठच्या घरांसाठी एक वेगळी सूचना करणे आवश्यक आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीतील आणि नदीकाठच्या गावांतील असंख्य स्वयंपाकघरांत पाणी शिरले होते. पुराच्या पाण्यात मैला, जनावरांचे मलमूत्र आणि शेतातील औषधे मिसळलेली असतात. असे पाणी लागलेली घासणी, ब्रश, काथ्या, फडकी आणि वापरात असलेली साबणाची वडी यांपैकी काहीही उकळून वाचवण्याचा प्रयत्न करू नये. ती सरळ टाकून द्यावीत. पुरानंतर भांडी धुण्यास बसण्यापूर्वी नवी घासणी हाताशी असली पाहिजे, आणि म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला उंच फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार कोऱ्या घासण्या, साबणाची एक वडी आणि ब्लीचची एक बंद बाटली ठेवावी. त्या नव्या घासणीने आधी चिखल धुऊन काढलेली भांडीच घासावीत, सर्व भांडी झाल्यावर ती घासणीही टाकावी, आणि नेहमीच्या वापरासाठी दुसरी काढावी.